थर्मोडायनॅमिक्स पहिल्यांदाच शिकताय? या क्रमाने शिका

थर्मो अवघड वाटतो तो गणितामुळे नाही. पहिल्या कोर्सला लागतं ते साधं बीजगणित, थोडं इंटिग्रेशन आणि लॉगॅरिदम. त्याहून कठीण गणित तुम्ही आधीच करून आलेले असता. खरा घोळ होतो तो सूत्र निवडताना. 'कार्य' या एका राशीचीच चार-पाच सूत्रं पुस्तकात सापडतात आणि कुठलं कधी वापरायचं ते कळत नाही. त्याचं उत्तर उदाहरणाच्या शब्दांत दडलेलं असतं: 'कडक भिंतींची टाकी', 'इन्सुलेटेड', 'घर्षणरहित पिस्टन', 'स्थिर प्रवाह'. यातला प्रत्येक शब्द समीकरणातलं एखादं पद शून्य करतो किंवा स्थिर ठेवतो.

ज्युनिअर मुलांच्या वह्या पाहताना एक गोष्ट सारखी दिसते. दिलेली माहिती उतरवून झाली की पुढच्याच ओळीला सूत्र. सिस्टीम कोणती, पदार्थ कुठल्या अवस्थेत आहे, प्रक्रिया कशी घडतेय, या तीन प्रश्नांना वहीत जागाच नसते. माझं ठाम मत आहे की थर्मोचा सत्तर-ऐंशी टक्के अभ्यास म्हणजे या तीन प्रश्नांची सवय. खालच्या पायऱ्या त्याच सवयीसाठी आहेत.

आधी हाताशी काय हवं

- स्टीम टेबलची, म्हणजे पाणी आणि वाफ यांच्या गुणधर्मांच्या तक्त्यांची, पुस्तिका. परीक्षेत जी मिळणार असेल तीच पहिल्या दिवसापासून वापरा. कुठला तक्ता कुठल्या पानावर आहे हे बोटांना माहीत झालं पाहिजे.
- सायंटिफिक कॅल्क्युलेटर, पेन्सिल, खोडरबर, पट्टी.
- आकृत्यांसाठी एक कोरी, बिनरेघांची वही.
- एकच मुख्य पाठ्यपुस्तक. दोन-तीन पुस्तकं एकदम उघडली की चिन्हांचे संकेत आपसात भिडतात.
- उत्तरं पडताळायला कूलप्रॉप. ही मोफत लायब्ररी पायथनमधून चालते आणि पाणी, हवा, रेफ्रिजरंट यांच्या प्रॉपर्टी देते. मात्र हाताने तक्ता वाचता येईपर्यंत तिच्याकडे वळू नका.

१. सिस्टीमची हद्द आखा

प्रत्येक उदाहरणात पहिलं काम पेन्सिलचं. तुटक रेघेने सिस्टीमची बाउंड्री काढा आणि तिच्यातून काय आत जातं, काय बाहेर येतं ते बाणांनी दाखवा. वस्तुमान बाउंड्री ओलांडत नसेल तर क्लोज्ड सिस्टीम, ओलांडत असेल तर कंट्रोल व्हॉल्यूम. पुढची सगळी समीकरणं या एका निर्णयावर ठरतात.

हा निर्णय किती महत्त्वाचा आहे ते एका उदाहरणात पाहू. इन्सुलेटेड, कडक भिंतींच्या टाकीत हवा आहे आणि आत ५०० वॅटचा विजेचा हीटर ५ मिनिटं चालतो. हवेला मिळाली उष्णता की कार्य? बाउंड्री फक्त हवेभोवती काढली, तर तापलेल्या तारेकडून हवेकडे १५० किलोज्यूल उष्णता आली. हवा आणि तार दोन्ही आत घेतली, तर बाउंड्री ओलांडणारी गोष्ट आहे वीज. म्हणजे १५० किलोज्यूल विद्युत कार्य आलं आणि उष्णता शून्य. तारेत साठणारी किरकोळ ऊर्जा सोडली तर हवेच्या अंतर्गत ऊर्जेतली वाढ दोन्ही वेळेला तीच येते. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. चूक होते ती बाउंड्री न सांगता उत्तर लिहिलं तर, किंवा अर्ध्या वाटेत ती बदलली तर.

२. एककं, दाब आणि तापमान: इथे गुण जातात

मोजणी सुरू करण्याआधी ही चार बंधनं पाळा.

दाब नेहमी ॲब्सोल्यूट, म्हणजे पूर्ण पोकळीपासून मोजलेला, घ्या. गेज २०० किलोपास्कल दाखवत असेल तर त्यात वातावरणाचा दाब, म्हणजे सुमारे १०१ किलोपास्कल मिळवा. स्टीम टेबल आणि आदर्श वायूचं समीकरण, दोन्हींना ३०१ लागतो.

तापमानाचा फरक सेल्सिअसमध्ये काढला तरी चालतो, कारण एका केल्विनचा फरक म्हणजे एका अंश सेल्सिअसचाच फरक. पण तापमानाचं गुणोत्तर आलं, किंवा तापमानाने भागायची वेळ आली, की केल्विनला पर्याय नाही. ३२७ अंश आणि २७ अंश सेल्सिअस यांच्यामध्ये चालणाऱ्या कार्नो इंजिनाची (त्या दोन तापमानांमध्ये शक्य असलेलं सर्वांत कार्यक्षम आदर्श इंजिन) कार्यक्षमता १ उणे ३००/६००, म्हणजे ५० टक्के. सेल्सिअसचे आकडे तसेच टाकले तर जवळपास ९२ टक्के येते. आकडा छान दिसतो आणि पूर्ण चुकीचा असतो.

वेगाचं पद ज्यूलमध्ये येतं, एन्थाल्पी (अंतर्गत ऊर्जा अधिक दाब गुणिले आकारमान; पायरी ६ मध्ये ती नीट भेटेल) किलोज्यूलमध्ये. वेगाच्या वर्गाला २ ने भागल्यावर आणखी १००० ने भागायला विसरू नका. नॉझलमध्ये, म्हणजे वेग वाढवणाऱ्या नळीत, एन्थाल्पी दर किलोला २० किलोज्यूलने उतरली आणि आतला वेग नगण्य असला, तर बाहेरचा वेग सेकंदाला २०० मीटर येतो. हजार विसरलात तर सहा मीटरच्या आसपास काहीतरी येईल.

वायूचा स्थिरांकही नीट पाहून घ्या. ८.३१४ हा दर किलोमोलला आहे. हवेसाठी, दर किलोला, तो ०.२८७ किलोज्यूल प्रति केल्विन.

३. स्टेट आणि प्रवास यांतला फरक पक्का करा

दाब, तापमान, आकारमान, अंतर्गत ऊर्जा, एन्थाल्पी, एन्ट्रॉपी (ती पायरी ७ मध्ये येईल) या प्रॉपर्टी आहेत. त्या फक्त पदार्थाच्या आत्ताच्या स्थितीवर, म्हणजे स्टेटवर, ठरतात. पदार्थ तिथवर कुठल्या वाटेने आला याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. उष्णता आणि कार्य यांचं उलट आहे. ती बाउंड्री ओलांडतानाच अस्तित्वात असतात आणि वाट बदलली की बदलतात. म्हणून 'वायूत किती उष्णता आहे' या प्रश्नाला अर्थ नाही. वहीत उष्णतेच्या मागे 'बदल'चं डेल्टा चिन्ह दिसलं की ते खोडा.

याच जागी आणखी एक गैरसमज मूळ धरतो: ॲडियाबॅटिक म्हणजे तापमान स्थिर. तसं मुळीच नाही; ॲडियाबॅटिक म्हणजे उष्णतेची देवाणघेवाण नसलेली प्रक्रिया. इन्सुलेटेड सिलिंडरमध्ये हवा दाबली की ती तापते, जरी बाहेरून उष्णतेचा थेंबही आलेला नसतो. आणि १०० किलोपास्कलला उकळणारं पाणी दर किलोला सुमारे २२५७ किलोज्यूल उष्णता घेतं, तरी पूर्ण वाफ होईपर्यंत ९९.६ अंशांवरच राहतं. ही दोन उदाहरणं शेजारी शेजारी लिहून ठेवा.

४. पदार्थ कुठल्या अवस्थेत आहे ते ठरवा

या पायरीवर घाई करू नका. कोर्सचे निदान दोन आठवडे इथे द्या, कारण पुढे टर्बाइन, कंडेन्सर, फ्रीजची सायकल, सगळीकडे हेच कौशल्य लागतं.

साध्या शुद्ध पदार्थाची स्टेट ठरवायला दोन स्वतंत्र प्रॉपर्टी पुरतात. 'स्वतंत्र' या शब्दावर बोट ठेवा. पाणी उकळत असताना दाब आणि तापमान एकमेकांना बांधलेले असतात. एक सांगितला की दुसरा आपोआप ठरतो. म्हणून तिथे तिसरी माहिती, म्हणजे ड्रायनेस फ्रॅक्शन (मिश्रणातल्या वाफेचा वाटा) किंवा विशिष्ट आकारमान (दर किलोचं आकारमान), लागतेच.

आता १ मेगापास्कल दाबाचं पाणी घ्या. तक्त्यात त्याचं सॅच्युरेशन तापमान, म्हणजे त्या दाबाला उकळण्याचं तापमान, १७९.९ अंश आहे. दिलेलं तापमान २०० असेल तर वाफ सुपरहीटेड, म्हणजे उकळण्याच्या तापमानाच्या वर तापलेली. त्या तक्त्याकडे जा. १५० असेल तर द्रव, तोही कॉम्प्रेस्ड, म्हणजे उकळण्याच्या तापमानाखालचा. तापमान नेमकं १७९.९ असेल तर अजून काहीच ठरलेलं नाही. तापमानाऐवजी विशिष्ट आकारमान दिलं असेल तर ते त्या दाबाच्या द्रव आणि वाफेच्या आकारमानांशी ताडून बघा: दोन्हींच्या मध्ये पडलं तर मिश्रण, वाफेहून मोठं तर सुपरहीटेड, द्रवाहून लहान तर कॉम्प्रेस्ड.

कॉम्प्रेस्ड द्रवाशी एक मोठा सापळा जोडलेला आहे. त्याचा वेगळा तक्ता नसेल तर सॅच्युरेटेड (उकळण्याच्या बेतात असलेल्या) द्रवाच्या किमती वापरतात, पण त्या तापमानावरून वाचायच्या. २५ अंश आणि १ मेगापास्कलच्या पाण्याची एन्थाल्पी दर किलोला सुमारे १०५ किलोज्यूल. तीच चुकून दाबावरून वाचली तर ७६२ येते, कारण तो आकडा १८० अंशांच्या पाण्याचा आहे. द्रवाला दाबाने फारसा फरक पडत नाही, तापमानाने पडतो. हे लक्षात राहिलं की नियम पाठ करावा लागत नाही.

ड्रायनेस फ्रॅक्शन हा वस्तुमानाचा वाटा आहे, आकारमानाचा नाही, हे आकड्यांत पाहिलं की मनात बसतं. १०० किलोपास्कलला द्रवाचं विशिष्ट आकारमान ०.००१०४३ आणि वाफेचं १.६९४ घनमीटर प्रति किलो. मिश्रणाचं विशिष्ट आकारमान ०.८५ असेल तर ड्रायनेस फ्रॅक्शन येतो:

(०.८५ − ०.००१०४३) ÷ (१.६९४ − ०.००१०४३) ≈ ०.५०

म्हणजे वजनाने निम्मं पाणी, निम्मी वाफ. पण टाकीतली किती जागा पाण्याने व्यापलीय? ०.५ गुणिले ०.००१०४३, भागिले ०.८५, जेमतेम ०.०६ टक्के. निम्मं वजन तळाशी पातळ थरात आणि बाकी सगळी टाकी वाफेची. हे चित्र डोळ्यांसमोर असेल तर मिश्रणाची उदाहरणं कधीच कोरडी वाटत नाहीत.

आदर्श वायूचं समीकरण हवेला नेहमीच्या दाब-तापमानाला बिनधास्त लावा. वाफेला लावू नका. अगदी कमी दाब सोडला तर तिच्यासाठी तक्ताच. आणि दोन वेगळ्या पुस्तकांतले एन्थाल्पी किंवा एन्ट्रॉपीचे आकडे एका वजाबाकीत आणू नका. त्यांचा शून्य कुठे धरायचा हा संकेत असतो, आणि रेफ्रिजरंटच्या तक्त्यांत तो पुस्तकागणिक बदलतो.

५. पहिला नियम: ऊर्जेचा हिशेब

आत आलेली ऊर्जा वजा बाहेर गेलेली ऊर्जा म्हणजे सिस्टीममधल्या ऊर्जेतला बदल. खातेवहीत जमा-खर्च मांडतात तसंच. दर वेळी हे पूर्ण वाक्य समीकरणाच्या रूपात लिहा आणि मग एकेक पद कारण देऊन खोडा: 'भिंती कडक, म्हणून बाउंड्रीचं कार्य शून्य', 'इन्सुलेटेड, म्हणून उष्णता शून्य'. थेट लहान सूत्रावर उडी मारू नका.

चिन्हांचा संकेत कोर्सच्या पहिल्याच दिवशी निश्चित करा. मेकॅनिकलची बरीच पुस्तकं सिस्टीमने केलेलं कार्य धन धरतात, रसायनशास्त्राची बहुतेक पुस्तकं सिस्टीमवर झालेलं कार्य धन धरतात. दोन्ही योग्य आहेत. एका उदाहरणात दोन्ही मिसळणं अयोग्य.

आता एक उदाहरण नीट बघू. २ किलो हवा ३०० वरून ४०० केल्विनला न्यायची आहे. हवेची स्थिर आकारमानाची विशिष्ट उष्णता ०.७१८, स्थिर दाबाची १.००५ किलोज्यूल प्रति किलो केल्विन.

कडक टाकीत तापवली तर कार्य शून्य. उष्णता = २ × ०.७१८ × १०० = १४३.६ किलोज्यूल.

पिस्टनखाली स्थिर दाबाला तापवली तर उष्णता = २ × १.००५ × १०० = २०१ किलोज्यूल. जास्तीचे ५७.४ कुठे गेले? पिस्टन वर ढकलण्यात. पडताळा घ्या: दाब गुणिले आकारमानातली वाढ म्हणजेच २ × ०.२८७ × १०० = ५७.४. बरोबर तेवढेच.

आता महत्त्वाचं. दुसऱ्या प्रक्रियेत अंतर्गत ऊर्जा कितीने वाढली? तिथेही १४३.६ नेच. आदर्श वायूची अंतर्गत ऊर्जा फक्त तापमानावर अवलंबून असते, म्हणून तिच्यातला बदल काढायला कुठल्याही प्रक्रियेत स्थिर आकारमानाचीच विशिष्ट उष्णता घ्यायची, आकारमान बदलत असलं तरी. एन्थाल्पीसाठी तसंच स्थिर दाबाची, दाब बदलत असला तरी. या दोन विशिष्ट उष्णतांच्या नावांमुळे दरवर्षी शेकडो उदाहरणं चुकतात.

कार्याच्या इंटिग्रलबद्दलही एक सूचना. दाब आणि आकारमानाचा आलेख काढून त्याखालचं क्षेत्रफळ कार्य म्हणून धरता येतं ते प्रक्रिया संथपणे, दर क्षणी समतोल राखत होते तेव्हाच. वायू मोकळ्या पोकळीत पसरला तर आकारमान वाढतं, पण ढकलायला समोर काहीच नसतं. कार्य शून्य.

६. वाहता पदार्थ: एन्थाल्पी का लागते

पाइपातून येणारा पदार्थ स्वतःच्या अंतर्गत ऊर्जेबरोबर आणखी काहीतरी आणतो: मागचा पदार्थ त्याला आत ढकलतो, त्याचं कार्य. ते दाब गुणिले विशिष्ट आकारमान एवढं असतं. अंतर्गत ऊर्जेत हे मिळवलं की एन्थाल्पी. वाहत्या सिस्टीममध्ये एन्थाल्पी वापरायची ती यासाठी.

हे पटायला एक उदाहरण जरूर सोडवा. रिकामी, इन्सुलेटेड टाकी. बाहेरच्या पाइपात ३०० केल्विनची हवा. झडप उघडली, टाकीतला दाब पाइपाएवढा झाला, झडप बंद केली. आतलं तापमान किती? बहुतेक जण ३०० सांगतात. हिशेब मांडला तर आतली अंतिम अंतर्गत ऊर्जा आत आलेल्या एन्थाल्पीएवढी असायला हवी. म्हणून तापमान ३०० × १.००५ ÷ ०.७१८, म्हणजे ४२० केल्विन. कुणी तापवलं नाही, तरी हवा १२० अंशांनी तापली. ढकलण्याचं कार्य आत येऊन तापमान बनलं. मला या पूर्ण विषयातलं हे सगळ्यात सुंदर उदाहरण वाटतं.

यंत्रांची यादी पाठ करायची गरज नाही. टर्बाइन आणि कॉम्प्रेसरमध्ये उष्णता बहुधा नगण्य धरतात, बॉयलर आणि कंडेन्सरमध्ये कार्य नसतं, थ्रॉटल व्हॉल्व्हच्या (वाट अरुंद करून दाब उतरवणाऱ्या झडपेच्या) आधीची आणि नंतरची एन्थाल्पी सारखी. गतिज ऊर्जा कधी सोडायची? सेकंदाला ४५ मीटर वेग म्हणजे दर किलोला साधारण १ किलोज्यूल. शेकड्यांतल्या एन्थाल्पीपुढे ते काहीच नाही, म्हणून टर्बाइनमध्ये सोडता येतं. नॉझलमध्ये वेग हाच तर माल आहे. तिथे सोडलं तर उदाहरणच संपलं.

७. दुसरा नियम आणि एन्ट्रॉपी

पुस्तकांचा क्रम पाहून वाटतं की दुसरा नियम पहिल्यानंतर सापडला असेल. प्रत्यक्षात गोष्ट इतकी सरळ नाही. इंजिनाच्या कमाल मर्यादेचा साडी कार्नो यांचा विचार १८२४ चा आहे; ऊर्जा अक्षय्यतेचं चित्र १८४० च्या दशकात स्पष्ट झालं; आणि एन्ट्रॉपी हे नाव रुडॉल्फ क्लॉसियस यांनी १८६५ मध्ये दिलं. म्हणजे मोठमोठ्या डोक्यांनाही ही कल्पना पचवायला चाळीस वर्षं लागली. तुम्हाला एका आठवड्यात 'एन्ट्रॉपी म्हणजे काय' हे उमगलं नाही तर खचू नका. आधी ती मोजायला शिका. अर्थ उदाहरणांतून साचत जातो.

मोजणी इथून सुरू करा. ८०० केल्विनच्या स्रोताकडून ५०० केल्विनच्या साठ्याकडे १००० किलोज्यूल उष्णता गेली. स्रोताची एन्ट्रॉपी १००० ÷ ८०० = १.२५ ने घटली, साठ्याची १००० ÷ ५०० = २.०० ने वाढली. एकूण वाढ ०.७५ किलोज्यूल प्रति केल्विन. ऊर्जा एक ज्यूलही हरवली नाही, पण तिच्यातून कार्य मिळवण्याची संधी हरवली, आणि ०.७५ हे त्या नुकसानाचं माप. दुसरा साठा ७५० केल्विनचा घेऊन स्वतः करून पाहा. तापमानातला फरक लहान झाला की नुकसान किती उतरतं ते दिसेल.

एखाद्या वस्तूची एन्ट्रॉपी घटू शकते. थंड होणाऱ्या प्रत्येक गरम वस्तूची घटतेच. घटू शकत नाही ती सिस्टीम आणि परिसराची मिळून एकूण, आणि हाच दुसरा नियम.

आयसेन्ट्रॉपिक (एन्ट्रॉपी स्थिर ठेवणाऱ्या प्रक्रियेचा) संबंध, म्हणजे हवेसाठी दाब गुणिले आकारमानाचा १.४ वा घात स्थिर, हा कुठल्याही ॲडियाबॅटिक प्रक्रियेला लावायचा नाही. प्रक्रिया रिव्हर्सिबलही (कुठलंही नुकसान न होता उलट फिरवता येणारी) हवी आणि वायू आदर्श असायला हवा. हवा १०० किलोपास्कल, ३०० केल्विनवरून ८०० किलोपास्कलला आयसेन्ट्रॉपिक दाबली तर तापमान ५४३ केल्विन आणि कार्य दर किलोला सुमारे २४५ किलोज्यूल. कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ८० टक्के असेल तर खरं कार्य २४५ ÷ ०.८, म्हणजे ३०६, आणि बाहेर पडणारी हवा ६०४ केल्विनची. टर्बाइनमध्ये ०.८ ने गुणायचं, कॉम्प्रेसरमध्ये भागायचं. शंका आली तर एवढंच आठवा: खरं यंत्र कमी देतं आणि जास्त मागतं.

८. सायकल सर्वांत शेवटी

रँकिन (वाफेवरचं वीजकेंद्र), ऑटो (पेट्रोल इंजिन), डिझेल, ब्रेटन (गॅस टर्बाइन) यांची सूत्रं पाठ करून सुरुवात करण्याचा मोह टाळा. वरच्या पायऱ्या झाल्या असतील तर सायकल म्हणजे ओळखीच्या चार प्रक्रिया एकामागून एक. तापमान-एन्ट्रॉपीची आकृती काढा, कोपऱ्यांना १ ते ४ आकडे द्या, प्रत्येक कोपऱ्याच्या प्रॉपर्टींचा तक्ता भरा, आणि मग हिशेब.

तुलना करताना पंपाकडे पाहा. रँकिनमध्ये १० किलोपास्कलवरून ३ मेगापास्कलला पाणी चढवायला दर किलोला सुमारे ३ किलोज्यूल पुरतात, कारण द्रवाचं आकारमान लहान. ब्रेटनमध्ये वायू दाबावा लागतो आणि टर्बाइनच्या कार्याचा मोठा वाटा कॉम्प्रेसरच गिळतो. त्यामुळे गॅस टर्बाइनमध्ये कॉम्प्रेसरची कार्यक्षमता थोडी घसरली तरी निव्वळ कार्यावर मोठा परिणाम होतो.

९. सराव कसा करायचा, उत्तर कसं तपासायचं

सोडवलेलं उदाहरण नुसतं वाचू नका. प्रश्न वाचा, पुस्तक मिटा, आकृती आणि हिशेबाचं समीकरण मांडा, अडलात तरच उघडा. आकडेमोड अपुरी राहिली तरी हरकत नाही. मांडणी पूर्ण झाली पाहिजे. आठवड्यातून एकदा स्टीम टेबल घेऊन फक्त अवस्था ओळखण्याचा सराव करा, बाकी काही नाही. इंटरपोलेशन, म्हणजे तक्त्यातल्या दोन आकड्यांमधली किंमत काढणं, हाताने जमलं की मग कूलप्रॉपवर ताडून पाहा.

उत्तर आल्यावर त्याखाली या गोष्टी तपासा:

- ड्रायनेस फ्रॅक्शन शून्य ते एकच्या बाहेर आला? मग ते मिश्रण नाहीच; पायरी ४ वर परत जा.
- इंजिनाची कार्यक्षमता त्याच दोन तापमानांच्या कार्नोहून जास्त आली? बहुधा केल्विन राहिलं.
- ॲडियाबॅटिक कॉम्प्रेसरमधून हवा थंड होऊन बाहेर पडली? कार्याचं चिन्ह उलटं झालंय.
- एकूण एन्ट्रॉपी घटली? उष्णता कुणी दिली आणि कुणी घेतली ते पुन्हा लिहा, आणि बाउंड्रीच्या ज्या भागातून उष्णता गेली तिथलंच तापमान भाजक म्हणून घेतलंय ना, ते बघा.